ती ओळ घालणार नाही

६ जानेवारी

दादा,

तुझा मेल मिळाला. पाच वर्षांनी आलेला मेल, आणि त्यात "कशी आहेस" एवढंसुद्धा नाही. थेट फाइलीचं नाव, ओळीचा क्रमांक आणि खाली फर्मान: "हे दुरुस्त कर, नाहीतर माझं नाव काढ." आईने विचारलं, कुणाचा गं? मी म्हटलं, बँकेचा. भाषा तशीच होती, त्यामुळे तिला पटलंही.

फोन तू उचलत नाहीस. मेलला उत्तर दिलं तर माझ्या एकेका वाक्याचे तुकडे करून प्रत्येकाखाली वाद घालतोस. म्हणून कागदावर लिहिते आहे. इथे तुला माझं सगळं म्हणणं सलग वाचावं लागेल, इलाज नाही.

तर झालं असं, की तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी आपण दोघांनी बनवलेला गाणी बांधायचा प्रोग्राम, आपली "रांग", उघडून आतलं लिखाण वाचलं, माथ्यावर लेखक म्हणून तुझं नाव पाहिलं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्या चुकीवर हसलं. तुला लागलं असणार. गाडीत पट्टा लावला नाही की जे टुंग वाजतं, ते टुंग बनवणारा मोठा माणूस तू. तुझ्या नाकावर माशी बसलेली तुला लहानपणीही चालायची नाही.

चूक आहे, हे मला मान्य आहे. रांग ज्या पद्धतीने आवाज बनवते, त्या एफएम पद्धतीत एक लहर दुसऱ्या लहरीला हलवते, आणि त्या हलण्यातून घंटा, बासरी, पत्र्याचा डबा, जे हवं ते निघतं. नवा सूर लागला की सगळ्या लहरी आधी शून्यावर आणायच्या आणि मग सोडायच्या, असा नियम. ती शून्यावर आणणारी ओळ तू लिहिलीच नाहीस. म्हणून आपल्याकडचा प्रत्येक सूर, मागच्या सुराने जिथे सोडलं तिथून सुरू होतो. तोच सूर दोनदा लिहिला तर दोन्ही वेळा तो वेगळा वाजतो. तुला लिहिताना कळलं नाही, मला तपासताना कळलं नाही. कळलं ते वापरणाऱ्यांना.

आणि त्यांनी तक्रार केली नाही, दादा. त्यांनी त्याला नाव दिलं. "घसा" म्हणतात ते त्याला. सूर लागता लागता किंचित अडतो, बोलू की नको असं झालेल्या माणसासारखा. तू गेल्यानंतर लोकांनी त्यातून एक रीतच काढली. पडद्यावर आपले स्तंभ खाली सरकतात, ओळीओळीला सुराचे आकडे. त्यात हव्या त्या सुराच्या आधीच्या ओळीत हे लोक एक सूर आवाज शून्य ठेवून लिहितात. तो ऐकू येत नाही, पण पुढच्या सुराचा घसा तयार करून जातो. त्याला मुका सूर म्हणतात. काही गाण्यांत ऐकू येणाऱ्या सुरांपेक्षा मुके सूर जास्त आहेत.

तू ती ओळ घातलीस की हे सगळे मुके सूर खरोखरच मुके होतील. गाणी वाजतील, पण धुवून इस्त्री केल्यासारखी.

जुन्या गाण्यांना जुना नियम लाव आणि नव्यांना नवा, असं तू म्हणशील. कसा लावू? आपल्या फाइलीत आवृत्तीचा आकडाच नाही. कोणतं गाणं कधीचं, हे रांगेला कळत नाही. तो आकडा घालू या म्हणून मी तेव्हा तुझं डोकं खाल्लं होतं, आणि तू म्हणाला होतास, "चार टाळकी वापरणार, त्यांना कशाला हवाय आकडा?" टाळकी आता बरीच झाली आहेत.

म्हणून माझं उत्तर: ओळ घालणार नाही. नावही काढणार नाही. रागावायचं तर खुशाल रागाव.

किरकिर
(हे नावही तूच ठेवलंयस. ते काढायचा मेल वेगळा पाठव.)


४ फेब्रुवारी

दादा,

पत्राला उत्तर द्यायचं सोडून तू थेट रांगेच्या चर्चेच्या पानावर अवतरलास. सगळ्या वापरणाऱ्यांना जाहीर नोटीस: "मूळ लेखक या नात्याने १ मार्चला मी स्वतः ही दुरुस्ती घालत आहे." तुझ्याकडे रांगेत थेट बदल करायची जुनी मालकाची किल्ली अजून आहे हे मी विसरले नव्हते. तू ती वापरशील, हे मात्र वाटलं नव्हतं.

मी मधला मार्ग सुचवला होता तोही तिथेच, सगळ्यांसमोर. गाण्याला एक खटका ठेवू. ज्याला स्वच्छ सूर हवा त्याने दाबावा, न दाबलेला म्हणजे घसा. दोघांचंही भागतं. तुझं उत्तर काय? "मूळ वागणं चुकीचं आणि बरोबर वागणं पर्यायी, हे माझ्या नावाखाली चालणार नाही." म्हणजे गाण्यांचं काहीही होवो, तुझ्या नावाला डाग नको. त्या मीटिंगमध्ये कोण हसलं होतं त्याचा फोन नंबर दे मला. मी बोलते त्याच्याशी.

आणि त्या "बिनपगारी"च्या मागे कशाला लागलास? मी ते वाचून आधी हसले, मग अंगाचा तिळपापड झाला. बिनपगारी या नावाने वावरणारा माणूस गेली चार वर्षं रांगेवर गाणी करतोय. मुका सूर ही रीत त्याचीच. नवीन आलेले सगळे आधी त्याचीच गाणी उघडून शिकतात. तू त्याला लिहिलंस, "तुमच्यासारख्या कॉलेजकुमारांना सूर आणि बिघाड यांतला फरक कळत नाही. आधी शिका, मग वाद घाला." त्यावर त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे: "आपले म्हणणे वाचले. आशय समजला. गाण्यांत बदल होणार नाही. कळावे."

तू त्यावर आणखी चार परिच्छेद खरडलेस. भांडायला आलेल्या माणसाला समोरून असं थंड उत्तर मिळालं की काय होतं, ते मी लांबून पाहत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बिनपगारी कोण, हे मला माहीत आहे. सांगणार नाही. मला शपथ घातली आहे. एवढंच सांगते की त्याला ती गाणी पुन्हा बांधता येणार नाहीत. "नव्या नियमाने पुन्हा करून घ्या, दोन दिवसांचं काम," असं तू लिहिलंस ना, ते दोन दिवसांचं नाही आणि दोन वर्षांचंही नाही. ते आता होणारच नाही. का, ते विचारू नकोस.

तू विचारत नाहीस, तरी घरचं सांगते. माझं काम तेच, कान तपासायचं. आता आम्हाला नवी खोली मिळाली आहे, दुहेरी दाराची. आत एक खुर्ची, काच आणि बटण. ऐकू आलं की बटण दाबायचं. लोक ऐकू न आलेल्या आवाजालाही दाबतात, माहीत आहे? नापास होऊ नये म्हणून. मी आवाज सोडलेलाच नसतो, आणि आत बसलेला माणूस माझ्याकडे बघत हसून बटण दाबतो.

आई दाबत नाही. तिला मागच्या महिन्यात तिथे बसवलं. ऐकू आलं तर दाबलं, नाही तर हात मांडीवर. वरचे सूर गेले आहेत तिचे, दोन्ही कानांतले. पक्षी, कुकरची शिट्टी, दाराची बेल, सगळं हळूहळू जातंय. कागद दाखवला तर म्हणाली, "टाइपरायटरच्या घंटीने खाल्ले असणार. जाऊ दे, तिच्यावर आपलं घर चाललं." तुला आठवते का ती घंटी? ऑफिसचं काम घरी आणायची, आपण टेबलाखाली अभ्यास करायचो, आणि ओळ संपत आली की डोक्यावर टिंग. तू म्हणायचास, आईला ओळ संपते तेव्हा कळतं, बाबांना कधीच कळत नाही.

१ मार्चच्या आधी शुद्धीवर ये.

किरकिर


३ मार्च

दादा,

घातलीस.

परवा सकाळी चहा ठेवायच्या आधी मी यंत्र उघडलं तर तुझी ओळ तिथे होती, नीटनेटकी, खाली तुझं नाव. शेजारी टीप: "दीर्घकाळची चूक दुरुस्त." आतापर्यंत मी मिठाची गुळणी धरून बसले होते. आता शपथ मोडते आहे. पाप लागलं तर अर्धं तुझ्या डोक्यावर.

बिनपगारी आपली आई आहे.

वाच पुन्हा. तो कॉलेजकुमार, ज्याला सूर आणि बिघाड कळत नाही. आई. तू एवढा वाद घातलास आणि तुला तिची भाषा ओळखू आली नाही? "आशय समजला, कळावे." सगळा जन्म तिने साहेबांची पत्रं टाइप केली, ती दुसरं काय लिहिणार? मला वाटत होतं दुसऱ्याच ओळीला तू ओळखशील. रोज वाट बघत होते. तीही बघत होती, पण ती कबूल करणार नाही.

तू जायच्या आधीच्या आठवड्यात तिने तुला विचारलं होतं, "हे मला शिकवशील का रे? हात बसलेला आहे माझा, आकडेच टाइप करायचे ना?" आणि तू मान वर न करता म्हणालास, "आई, हे तुझ्यासाठी नाही." बास. त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना दिसलं. तुझं दूर जाणं, तिने तुझ्याकडे राहायला यायला दिलेला नकार, मग तू पाठवलेला तो तिकिटाचा कागद आणि तिने तो परत केला ते. तुला वाटतं भांडण त्या तिकिटावरून झालं. ते या वाक्यावरून झालं होतं, दादा. निवृत्त झालेल्या बाईने एकदाच काहीतरी मागितलं होतं.

तू गेल्यावर मी शिकवलं. म्हणजे कळा दाखवल्या, बाकी तिची तीच शिकली. मला अट घातली: "त्याला माझं नाव सांगायचं नाही. त्याला आवडलं तर गाणं आवडू दे." म्हणून बिनपगारी. हे नाव सुचल्यावर दिवसभर एकटीच हसत होती. ती कधीच गाणं मधून लावत नाही, हे पाहून मी आधी वैतागायचे. एक सूर बदलला की पुन्हा पहिल्या ओळीपासून. म्हटलं, आई, वेळ जातो. तर म्हणाली, "मधून लावलं की वेगळं वाजतं. मागचं मागे असलं पाहिजे." तुझी चूक तिने कानाने शोधून काढली होती. मी लिखाण उघडून पाहिलं, तेव्हा कुठे मला पटलं.

तर परवा. ती टेबलापाशी बसली, कानावर हेडफोन लावले, आणि तुझ्या दुरुस्त रांगेवर स्वतःचं गाणं लावलं. शेवटपर्यंत ऐकलं. मी ओट्यापाशी उभी. हेडफोन काढून तिने वायरीची घडी घातली.

"चुकलंय का काही?" मी विचारलं.

"नाही गं. सगळं बरोबर आहे." मग म्हणाली, "फक्त मी नाही त्यात."

"पुन्हा करता येईल का?"

"कशाने करू? तेव्हा ऐकू येत होतं ते आता येत नाही. मला आता डोक्यातलं ऐकू येतं, आणि ते जुन्यासारखं वाजतंय तोवरच ताडून बघता येतं." मग माझ्याकडे वळून, अगदी ऑफिसच्या आवाजात: "तुझ्याकडे जुनी प्रत आहे ना? मग रडतेस काय? काढ."

मी रडत होते, होय. तुझ्यावरचा राग इतका आला की डोळ्यांवाटे निघाला. आत्ताही येतोय. तू तिचा कान घेतलास, दादा. तुला माहीत नव्हतं म्हणून माफ करावं असं मला वाटत नाही, कारण तू विचारलंच नव्हतंस.

आता ऐक आम्ही काय केलं. जुनी प्रत काढली, तुझ्या ओळीच्या आधीची. वेगळी जागा घेतली आणि तिथे मांडली. नाव दिलं "दुसरी रांग". खटकाही घातला, मी म्हटलं होतं तसाच: स्वच्छ सूर हवा त्याने दाबावा. आवृत्तीचा आकडाही घातला, आता तरी. चर्चेच्या पानावर आईने दोन ओळींची सूचना लावली, आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळे इकडे आले. तुझ्या पहिल्या रांगेत आता तू आणि तुझी ओळ. तुझ्या किल्लीने इथलं कुलूप उघडत नाही. किल्ल्या दोनच, एक माझी, एक आईची.

हे आम्हाला करता येतं, कारण तूच तसं लिहून ठेवलंस. ज्याला हवं त्याने घ्यावं, बदलावं, वाटावं, कुणी कुणाचं तोंड धरू नये. आणि त्याच परवान्यात खाली अट आहे, तुझ्याच शब्दांत: "मूळ लेखकाचे नाव कोणीही काढू नये." तेव्हा ते राहिलं. दुसऱ्या रांगेच्या माथ्यावर, सगळ्यात वर, चुकीसकट. कोर्टात जायचं तर जा. आई म्हणते अर्ज ती टाइप करून देईल, तुझ्याही बाजूचा.

किरकिर


३० मार्च

दादा,

तू पत्र लिहिणार नाहीस हे मी धरून चालले होते. तू जे पाठवलंस ते मात्र अपेक्षेत नव्हतं. दुसऱ्या रांगेसाठी बदल, बाहेरच्या कुठल्याही माणसाने पाठवावा तसा, आमच्या मंजुरीसाठी. बदल म्हणजे काय, तर ज्या जागी ती ओळ नाही, तिथे एक टीप: "इथे लहरी शून्यावर आणू नयेत. हे जाणूनबुजून आहे." खाली तुझं नाव.

तुझी स्वतःची रांगही तू बंद केल्याचं पाहिलं. तिथे आता फक्त आमच्याकडे यायची वाट दाखवणारी पाटी आहे. मी काही बोलणार नव्हते. अजूनही फार बोलणार नाही.

मी लगेच मंजूर करणार होते. आईने हात धरला. "नियम काय आहे?" म्हणाली. नियम तुला माहीत नाही, तू गेल्यानंतरचा आहे. आवाजाच्या फाइलीला जो हात लावेल, मग एका अक्षराचा का असेना, त्याने आधी ठरलेली गाणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकायची आणि खाली तसं लिहायचं. ऐकल्याशिवाय कुणाचंच काही आत येत नाही. माझंही नाही. आणि ती गाणी बहुतेक आईचीच आहेत.

"अगं, ही नुसती टीप आहे. आवाज बदलतच नाही," मी म्हटलं.

"त्याला वेगळा नियम आहे का?"

म्हणून तुझा बदल परत आला. तो मी परत केला नव्हता. "गाणी ऐकल्याचे नमूद नाही. ऐकून पुन्हा पाठवावे. कळावे." एवढं टाइप करून ती भाजी निवडायला बसली. मी तिच्याकडे बघत होते तर म्हणाली, "काय बघतेस? शेंगा सोल."

मला वाटलं, गेला. नाक मुरडून कायमचा गेला. पहिला दिवस काही नाही. दुसरा नाही. मी कामावर कान तपासताना खिशातला फोन चाचपत होते, आणि काचेपलीकडचे एक आजोबा बटण दाबून दाबून थकले, कारण मी आवाज सोडायचाच विसरले होते. जेवताना आईने तिसऱ्यांदा आमटीत मीठ घातलं.

मग तुझं आलं. तोच बदल, तीच टीप, आणि खाली:

"ऐकली. सगळी, सुरुवातीपासून. तिसऱ्या गाण्यात ओळ संपायच्या आधी घंटी वाजते. मी टेबलाखाली होतो."

मी ते मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, पुन्हा वाच, मला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचलं. मला वाटतं पहिल्यांदाही ऐकू आलं होतं.

त्या घंटीवर ती एक अख्खा पावसाळा बसली होती, दादा. चार लहरी, एकीने दुसरीला हलवायचं, आणि आधी मुका सूर, म्हणजे घंटी कोरी वाजत नाही, काहीतरी टाइप करून झाल्यावर वाजल्यासारखी वाजते. इतक्या लोकांनी ते गाणं ऐकलं, कुणाला ती टाइपरायटरची घंटी आहे हे कळलं नाही. सगळे म्हणायचे, छान मंदिरासारखं वाटतं. ती कुणालाच दुरुस्त करत नसे.

तुझा बदल आईने स्वतःच्या किल्लीने मंजूर केला. शेरा: "स्वीकारले." त्याच्यापुढे तिने "कळावे" लिहिलं आणि मग खोडलं. मी पाहिलं ते.

आता मी काही गळ्यात पडत नाहीये. तिचा आवाज तू तिच्यापासून काढून घेतला होतास, तो आम्ही आमच्या हाताने परत आणला आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा आणू. ओळ घालणार नाही, कधीच नाही, हे तुझ्याच नावाने आता तिथे लिहिलेलं आहे. ते वाचून तुझ्या मीटिंगमध्ये कुणी हसलं तर हसू दे.

आई म्हणते, फोन ती करणार नाही. तुला हात आहेत. मी विचारलं, त्याने केला तर उचलशील? तर म्हणाली, "बघू. पहिल्या रिंगला तर नाहीच."

रिंग तिला ऐकूच येत नाही, दादा. फोन ती टेबलावर पालथा ठेवून त्यावर तळहात ठेवून बसते आहे, सकाळपासून. थरथरला की कळावं म्हणून.

सावकाश बोल. खालच्या आवाजात.

किरकिर